आठ जणींची सम

स्पर्धा आठवड्यावर आली की पालकांचे फोन वाढतात. "ताई, आता रोज वर्ग घ्याल ना?" "शाळेतून लवकर घेऊन येऊ का?" "रविवारी दिवसभर ठेवून घ्या तिला, डबा देते बरोबर." मी सगळ्यांना एकच सांगते, की या आठवड्यात वर्ग नेहमीपेक्षा कमी. दीड तासाचा पाऊण तास होईल आणि गुरुवारी पूर्ण सुट्टी. पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग "बरं, तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणून फोन बंद होतो, पण त्या आवाजात पटल्याची खूण नसते. त्यांची धास्ती मला कळते. पोरीने वर्षभर घाम गाळलाय, आता ऐन वेळी कमी पडायला नको, एवढंच त्यांना वाटत असतं.

मी मिरजेत कथक शिकवते. वर्ग लहान आहे, मुली दहा ते चौदा वर्षांच्या. हिवाळ्यात पुण्याला दोन दिवसांची स्पर्धा असते, शनिवारी एकल आणि रविवारी समूह. यंदा समूहासाठी आठ जणी निवडल्या, त्यातलीच एक एकललाही उतरली. त्यांना तयार करताना एका गोष्टीने मला फार विचारात पाडलं. बरोबर कसं नाचायचं हे आपण मुलींना वर्षभर शिकवतो. हात कुठवर जाईल, मनगट कसं वळेल, नजर कुणाच्या मागे जाईल, सगळं घोटून घेतो. चुकल्यावर काय करायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. आणि रंगमंचावर पाऊल टाकल्यावर नेमकं तेच घडतं. तोडा, म्हणजे बोलांवर बसवलेला नाचाचा तुकडा, मध्येच आठवेनासा होतो, शेजारची भलतीकडे वळते, घुंगरांची गाठ सैल होते. त्या क्षणी मुलीच्या हाती काय असतं? मला वाटतं, फक्त तिचे कान असतात. म्हणून यंदाची आमची सगळी तयारी कानांची होती.

तीनतालाच्या १६ मात्रा कुठल्याही मुलीला झोपेतून उठवून विचारा, हातावर टाळी-खाली देत घडाघडा म्हणेल. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् ठायीत म्हणेल, दुगुनीत म्हणेल, चौगुनीतही अडखळायची नाही. पण चालू लेहऱ्यात तिला मध्येच कुठेतरी सोडून द्या आणि विचारा, "आता कितवी मात्रा?" तिथे गडबड होते. पहिल्यापासून मोजत आली तर तिला ठाऊक असतं. मधून उचलून घ्यायचं तर लेहऱ्याची चाल ओळखीची हवी. हार्मोनियमवरची ती १६ मात्रांची छोटीशी धून कुठे वर चढते, कुठून समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, उतरायला लागते, हे अंगात मुरलेलं हवं. ठेकाही खुणा देत असतो. खालीच्या भागात तिं तिं ता येतं, तेव्हा डग्ग्याचा घुमार थांबतो आणि नुसता तबला बोलतो. तेवढा एक फरक कान देऊन ऐकला, तर हरवलेल्या मुलीला कळतं की अर्धं आवर्तन, म्हणजे तालाची अर्धी फेरी, सरलंय, समेला अजून वेळ आहे, घाबरायचं कारण नाही.

हे शिकवायला आम्ही एक खेळ सुरू केला. मुली तत्कार, म्हणजे तालातली नुसती पावलं, करत असताना मी लेहरा बंद करायचा. पाय थांबवायचे नाहीत. दोन आवर्तनं नुसती पावलांची, मग मी लेहरा पुन्हा सुरू करणार, आणि तेव्हा आठही जणी समेवर हव्यात. पहिल्या दिवशी आठ जणी आठ ठिकाणी होत्या. काही पुढे पळाल्या, दोघी मागे राहिल्या, आणि सर्वांत धाकटी तर रडवेली होऊन उभीच राहिली. मी कुणाला रागावले नाही. पुढच्या आठवड्यात आमचे तबल्याला बसणारे काका आले. त्यांनी खेळ आणखी अवघड केला. ते लय किंचित वाढवायचे, किंचित उतरवायचे, कधी ठेक्यात मुद्दाम भरणा करून सम झाकून टाकायचे. स्पर्धेला आमची साथ ध्वनिमुद्रित होती, त्यामुळे असं काही घडणार नव्हतं. पण जी मुलगी हलत्या लयीला धरून राहते, तिला स्थिर लय म्हणजे सपाट रस्ता वाटतो. मिरजेत राहण्याचं एक भाग्य असं, की इथे तंबोरे-सतारी घडवणाऱ्यांची गल्ली आहे आणि साथीला बसणारं माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. सगळ्या गावांना हे मिळत नाही. कितीतरी ठिकाणी मुली पहिल्या धड्यापासून फक्त मोबाईलवरच्या लेहऱ्यावर नाचतात आणि समोर बसलेला तबलजी त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. मला याचं वाईट वाटतं. मुद्रित लेहरा मुलीकडे बघत नाही. ती अर्धी मात्रा मागे पडली तर तिला सांभाळून घेत नाही. काका सांभाळतात. वर "काय गं, जेवून आली नाहीस का?" असं म्हणून हसवतातही.

तिहाईवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. आमच्या बंदिशीत शेवटी एक दमदार तिहाई होती. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा थांबा. पंधरा आणि दोन मिळून सतरा होतात. समेपासून उचलली की सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि शेवटचा 'धा' बरोब्बर तिच्यावर. हिशेब सोपा आहे, चौथीतल्या मुलीलाही येतो. अवघड असतो तो थांबा. काळजाचे ठोके वाढलेले असताना एक मात्रा थांबणं फार लांबलचक वाटतं. मुली ती खाऊन टाकतात. एक थांबा गेला की 'धा' सोळाव्यावर, दोन्ही गेले तर पंधराव्यावर. आणि मग हात वर करून, मान तिरकी करून, हसऱ्या चेहऱ्याने मुलगी समेच्या आधीच उभी राहिलेली असते आणि सम तिच्या पाठीमागून येते. समूहात याची शोभा आणखी जाते. एकेका पायात ५० घुंगरं, म्हणजे एकीची १००, आठ जणींची ८००. ती एका क्षणी थांबली तर प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत टाळी घेतात. एकेक मागे-पुढे झाली तर आवाज फाटतो.

थांब्यात काय करायचं हे मी मुलींना सांगितलं नाही, त्यांनाच विचारलं. एक म्हणाली, मी मनात 'एक' म्हणते. दुसरी म्हणाली, मी श्वास आत घेते. आमच्यातली सगळ्यांत उंच मुलगी म्हणाली, "ताई, मी तेव्हा तुमच्याकडे बघते." तिला मी समजावलं, की तिथे मी विंगेत असणार, दिसणार नाही. मग सगळ्यांनी मिळून श्वासाचं ठरवलं. आठ जणी एकाच वेळी श्वास घेताना इतक्या सुंदर दिसायच्या, की तो थांबाच बंदिशीतली सगळ्यात देखणी जागा झाली. हे मी बसवलेलं नाही. हे त्यांचं.

आता त्या कमी केलेल्या वर्गाबद्दल. आमच्या वर्गाला शहाबादी फरशी आहे. या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते. कडक फरशीवर तासन्‌तास पाय आपटले की टाच दुखायला लागते, आणि दुखरी टाच घेऊन मुलगी चक्कर घेते तेव्हा तिचं सगळं लक्ष टाचेतच असतं. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीच शिकवायचं नाही, हा माझा ठाम नियम आहे. ऐन वेळी सुचलेला हस्तक, म्हणजे हाताची हालचाल, कितीही छान असला तरी तो पुढच्या वर्षी. दिवसातून एकदा पूर्ण बंदिश घुंगरू बांधून करायची. बाकी वेळ जमिनीवर मांडी घालून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आणि नुसते हात. आमच्या गुरू म्हणायच्या की जे तोंडाने स्वच्छ येत नाही ते पायाने येणार नाही. पढंत करताना पाय विश्रांती घेतात आणि बंदिश मनात बसते. बाकीचं काम झोप करते. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, हे अभ्यासकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. मी पालकांना सांगते की रात्री साडेनऊला दिवा घालवा, ती तुमच्या वाट्याची तालीम समजा.

आमच्या मुली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि ते गाणं शिकले होते मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यामुळे प्रारंभिकचं, प्रवेशिकेचं प्रमाणपत्र हाती आलं की आमच्या गावाला त्यात थोडं घरचं वाटतं. परीक्षेत मुलगी एकटी असते, परीक्षक प्रश्न विचारतात, ताल हातावर म्हणायला सांगतात, चुकलं तर पुन्हा म्हणू देतात. स्पर्धेत पुन्हा नसतं. सात मिनिटं दिलेली असतात आणि आठव्या मिनिटाला गुण कापले जातात. मला स्पर्धा फार आवडतात असं नाही. पहिली, दुसरी, तिसरी असं कलेला मोजता येतं यावर माझा विश्वास नाही. तरीही मी नेते, कारण मुलींना अनोळखी नजरेसमोर उभं राहता यायला हवं. मिरजेत त्यांना बघणारे सगळे काका-मावशी असतात. नाचल्याबरोबर सगळे "वा!" म्हणतात. पुण्यात कुणी ओळखीचं नसतं. शिवाय तिथे त्या इतरांना बघतात. ज्या शहरात कथकच्या गुरू रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि मध्यमवर्गी घरांतल्या पोरींच्या पायात घुंगरू बांधले, तिथल्या वर्गांतल्या मुली किती ताठ उभ्या राहतात, किती शांतपणे थाट, म्हणजे सुरुवातीचा स्थिर पवित्रा, मांडतात, हे नुसतं सांगून कळत नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही कोयना एक्सप्रेस धरली. आठ मुली, तीन आया, एक बाबा आणि मी. बाबा स्वतःहून म्हणाले होते, "मला नाचातलं कळत नाही, पण इस्त्री मी करतो." दोन दिवस त्यांनी आठ अंगरखे आणि आठ ओढण्या एकट्याने सांभाळल्या. अशी माणसं असतात म्हणून असे वर्ग चालतात. किर्लोस्करवाडी, कराड मागे पडेपर्यंत मुलींनी डबे उघडले होते. दशम्या, थालीपीठ, केळी, राजगिऱ्याचे लाडू, दहीभात. सांगलीकडचं भडंग कुणीतरी आणलंच होतं. ते मी येतानाच्या प्रवासासाठी काढून ठेवलं, कारण तिखट खाऊन घसा धरला की पढंत बिघडते. सातारा गेल्यावर त्यांनी आपणहून पढंत काढली. एकीने हातावर ताल धरला, बाकीच्या म्हणायला लागल्या. आडर्कीच्या घाटातल्या बोगद्यांत आवाज घुमायचा म्हणून मुद्दाम जोरात.

लोणंदला एक आजोबा चढले, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. समोर बसून बराच वेळ ऐकत होते. मुली परणीवर आल्या आणि 'तिट कत गदि गन धा' म्हणू लागल्या, तशी त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली. ते भजनात पखवाज वाजवायचे. कथकच्या परणी पखवाजाच्या बोलांवरच बांधलेल्या असतात, हे मी मुलींना वर्गात कितीदा सांगितलंय. पण समोरचा वारकरी त्यांचीच परण त्यांच्यापेक्षा खणखणीत म्हणून दाखवतोय, हे वेगळंच. "गदि गन म्हणताना घाई करताय पोरींनो," ते म्हणाले, "प्रत्येक अक्षराला त्याची जागा द्या." मी हेच महिनाभर सांगत होते. जेजुरीला ते उतरेपर्यंत मुलींनी त्यांच्याकडून ती ओळ पाच-सहा वेळा म्हणून घेतली, आणि खरंच, तेव्हापासून ती ओळ स्वच्छ झाली.

शनिवारी सकाळी प्रत्येक गटाला रंगमंच बघायला पाच मिनिटं दिली होती. पाच मिनिटांत नाचायचं नसतं. फळ्यांवर चालून बघायचं, कुठे फट आहे, कुठे खिळा वर आलाय. फरशीवर सराव असलेल्या पायाला लाकूड उसळी देतं, घुंगरांचा आवाज मोठा वाटतो, मुली दचकतात. म्हणून आधी नुसता तत्कार करायला लावला, आवाजाची सवय व्हावी म्हणून. मग मध्य कुठे ते पाहून ठेवलं. आणि चकरांसाठी प्रत्येकीने एक ठिकाण निवडलं. चक्कर घेताना नजर एका जागी बांधलेली असावी लागते. वर्गात समोर कॅलेंडर असतं, खिडकी असते. प्रेक्षागृहात दिवे मालवले की समोर नुसता काळोख, नजर ठरायला काही नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या चकरीला मुलगी सरकत विंगेकडे जाते. मी त्यांना मागच्या दारावरचा लाल दिवा दाखवला. तो कधीच मालवत नाहीत.

रंगपटाबद्दल मला पालकांशी दरवर्षी थोडं भांडावं लागतं, आणि ते मी भांडते. मुलीचा जो रंग आहे त्याच रंगाचं पॅनस्टिक लागेल. दोन छटा उजळ नाही. एका आईने हळूच म्हटलं, "लाइटमध्ये काळी दिसेल हो." मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या मुलीचे डोळे या आठ जणींत सगळ्यात बोलके आहेत, काजळ नीट भरू, परीक्षक तिथेच बघतील. अकरा वर्षांच्या मुलीला आरशासमोर बसवून तिचा चेहरा झाकायचा आणि मग तिच्याकडून आत्मविश्वासाची अपेक्षा करायची, हे मला जमणार नाही.

बाकी सगळं व्यवहाराचं. क्रमांक सकाळचा दिला असला तरी वेळ दुपारपर्यंत लांबते, हे धरूनच चालायचं. केस आणि चेहरा आधी, ओठ शेवटी. अंगरख्यावर बाबांचा पुढून बटणं असलेला जुना शर्ट, म्हणजे खाताना डाग पडत नाही आणि काढताना अंबाडा मोडत नाही. घुंगरू तीन क्रमांक उरल्यावर बांधायचे, आधी नाही. सुती पट्टी गुंडाळून त्यावर घोट्यापासून वर, टोक आत खोचून. पिशवीत सुईदोरा, आकडे, सेफ्टी पिना, चुडीदाराची जादा नाडी आणि ती ओवायला मोठी पिन, घुंगरांची एक जास्तीची जोडी, पायाला लावायची चिकटपट्टी, आणि सॅनिटरी पॅड. हे शेवटचं मी आठही जणींना आधीच मोकळेपणाने सांगून ठेवते. या वयात कुणालाही, कधीही लागू शकतं, आणि स्पर्धेच्या सकाळी घाबरून कोपऱ्यात बसलेली मुलगी मला बघायची नाहीये. आणि एक नियम आयांसाठी. रंगपटात "हात वर घे हं", "हसायला विसरू नको", "गेल्या वेळेसारखं करू नको" यातलं काहीही बोलायचं नाही. पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. सूचनांची वेळ गेली.

एकलला आमची बारा वर्षांची मुलगी होती. थाट सुरेख झाला, आमद, म्हणजे प्रवेशाचा तुकडा, छान गेली. परणीत दुसऱ्या चकरीनंतर तिचे हात एकदम थबकले. मी विंगेत होते, मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. पुढचे बोल गेले होते. पूर्ण पाटी कोरी झाली की काय होतं ते मी दुसऱ्या मुलींच्या बाबतीत पाहिलेलं आहे. त्या थांबतात, विंगेकडे बघतात, कधी पळत आत येतात. हिचे पाय थांबले नाहीत. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. हात छातीशी, उत्पत्तीच्या मूळ स्थितीत आणून तिने साधा तत्कार धरला. मान किंचित डावीकडे कलली, जिकडून लेहरा येत होता तिकडे. ती ऐकत होती. खालीचा भाग सरला, डग्गा पुन्हा घुमला, आणि पुढच्या समेवर तिने परण सोडून देऊन सरळ पुढचा तोडा उचलला. एक आवर्तन, साधारण सहा-सात सेकंद. प्रेक्षकांतल्या कितीजणांना कळलं असेल कुणास ठाऊक. परीक्षकांना नक्की कळलं.

आत आल्याबरोबर ती माझ्या कुशीत शिरून रडायला लागली. "ताई, परण गेली." मी म्हटलं, "गेली. आणि तू?" तिला कळेना. "तू कुठे होतीस तेव्हा?" हुंदके देत म्हणाली, "तालात." मग मी तिला बराच वेळ तशीच धरून ठेवलं. मला त्या दिवसाकडून याहून जास्त काही नको होतं, आणि हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, कारण अशा गोष्टी घरी गेल्यावर सांगायला ठेवल्या की त्यांची वेळ निघून जाते. तिची आई दाराशी उभी होती. तिने काही विचारलं नाही, फक्त घुंगरू सोडायला खाली बसली. त्या बाईंचा मला फार आदर वाटला.

त्या संध्याकाळी मोबाईलवर चित्रण बघायचं नाही, असं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. रात्रीत स्वतःला शंभरदा बघून मुली दुसऱ्या दिवशी नाचत नाहीत, स्वतःला तपासत बसतात. चित्रण घरी गेल्यावर. शनिवारी आम्ही इतर गटांचे नाच पाहिले, लवकर जेवलो, आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशींच्या घरी साडेनऊला दिवा घालवला. कुजबुज दहापर्यंत चालू होती. तेवढी चालायचीच.

रविवारी समूहात डाव्या बाजूचा मॉनिटर, म्हणजे नाचणाऱ्यांना साथ ऐकवणारा स्पीकर, बंद होता. आम्हाला ते लेहरा सुरू झाल्यावर कळलं. डावीकडच्या तिघींना स्वतःच्या घुंगरांपलीकडे जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. मला विंगेतून काहीच करता येणार नव्हतं. त्या तिघींनी पहिल्या आवर्तनात एकमेकींकडे पाहिलं, आणि मग मान न वळवता उजवीकडच्या पाच जणींच्या पावलांवर कान लावले. वर्गात लेहरा बंद करून जे केलं होतं, तेच. एका तोड्यात त्या केसभर मागे होत्या, दिसत होतं. मग हळूहळू आठांचा आवाज एक होत गेला. तिहाई आली. पहिला तुकडा, आणि तो श्वास. आठ जणींचे खांदे एकत्र वर आले आणि खाली गेले. दुसरा तुकडा, पुन्हा श्वास. तिसरा. धा.

क्रमांक आला नाही. पहिले तिन्ही गट आमच्यापेक्षा खरोखर चांगले होते, आणि निकाल लागायच्या आधीच मुलींनी त्यातले दोन बरोबर ओळखले होते, याचा मला आनंद झाला. परतीच्या गाडीत भडंग संपलं. एकलवाल्या मुलीने आणि धाकटीने पुण्याच्या एका गटाची कवित्ताची, म्हणजे बोलांत गुंफलेल्या कवितेची, सुरुवात आठवून आठवून म्हणून बघितली, तीन ठिकाणी चुकीची, पण लय अचूक.

परीक्षकांनी प्रत्येक गटाला शेरे लिहून दिले होते. आमच्या कागदावर लिहिलं होतं: लयीची समज चांगली, एकमेकींना ऐकतात, नजर खाली जाते. ते अगदी खरं आहे. ऐकताना आमच्या मुली जमिनीकडे बघतात. कान उघडे ठेवून नजर समोर कशी ठेवायची, हे शिकवायचं माझ्याकडून राहिलेलं पुढचं काम. मंगळवारी वर्गात तोच कागद मोठ्याने वाचला आणि तत्कार सुरू केला, नजर समोरच्या कॅलेंडरवर. दोन आवर्तनांनी लेहरा बंद केला. पाच जणींच्या माना लगेच खाली गेल्या.

"वर," मी म्हटलं. "पुन्हा."

वर्ग सुटल्यावर धाकटी घुंगरू गुंडाळता गुंडाळता विचारायला आली, की पुढच्या वर्षी धमार बसवायचा का. चौदा मात्रा, पाच-दोन-तीन-चार अशी वेडीवाकडी वाटणी, भल्याभल्यांना चकवणारा ताल. मी तिला म्हटलं, आधी महिनाभर हातावर म्हणून दाखव, मग बघू. ती जिना उतरताना सहाव्या मात्रेच्या टाळीपर्यंत पोचली होती.